एक खुर्ची, दोन निकाल

निवडणुकीचे तिकीट दिल्लीहून येते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, पक्षाचा उमेदवार गल्लीतल्या मतदाराने ठरवावा असे कोणी म्हटले, तर आपण त्याच्याकडे संशयाने पाहू. अमेरिकेत मात्र तसेच चालते. खऱ्या निवडणुकीआधी तेथे पक्षाची घरातली निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. मिशिगन राज्यात तर त्यासाठी पक्षाचे सभासद असण्याचीही अट नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. मतदाराने त्यांतला एक धरायचा आणि त्याच रकान्यात राहायचे.

या पद्धतीची गंमत आणि गोची एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघाची २०१८ सालची हकीकत ऐकावी.

तेथले प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स १९६५ पासून प्रतिनिधिगृहात होते. गृहस्थ सामान्य नव्हेत. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांनी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असावी असे विधेयक त्यांनी मांडले आणि ते १९८३ मध्ये मंजूर होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांनी त्यांच्याच कचेरीत वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. पण कचेरीतल्या स्त्रियांशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये या वयोवृद्ध पुढाऱ्याला राजीनामा द्यावा लागला. आरोप त्यांनी नाकारले होते.

प्रतिनिधिगृहातली रिकामी जागा तेथे नेमणुकीने भरता येत नाही. निवडणूकच घ्यावी लागते. आपल्याकडे साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. मिशिगनच्या गव्हर्नरांनी मात्र ती नेहमीच्या निवडणुकीलाच जोडून टाकली. घोंगडे जवळजवळ वर्षभर भिजत पडले आणि तेवढा काळ लाखो माणसांना प्रतिनिधीच नव्हता. शिवाय ७ ऑगस्ट २०१८ रोजी मतदारांपुढे एकाच खुर्चीच्या दोन लढती आल्या : एक कॉन्यर्स यांच्या मुदतीच्या उरल्यासुरल्या दिवसांसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. डेमॉक्रॅटिक पक्षाचा हा बालेकिल्ला. तेव्हा प्रायमरी जिंकली की गुलाल उधळायला हरकत नव्हती.

उमेदवार कोण? कॉन्यर्स यांनी आपल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता, पण चिरंजिवांच्या अर्जावर पुरेशा वैध सह्याच भरल्या नाहीत. भावाचा नातू इयन मात्र मैदानात उतरला. डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांचे त्याच नावाचे पुत्रही होते. (घराणेशाही ही काही आपलीच मिरासदारी नव्हे!) वेस्टलँड या उपनगराचे महापौर बिल वाइल्ड होते. पण खरी चुरस दोन बायकांत. ब्रेंडा जोन्स या डेट्रॉइट नगर परिषदेच्या अध्यक्षा, कामगार संघटनेतून वर आलेल्या. रशिदा तलेब या पॅलेस्टिनी स्थलांतरितांच्या चौदा मुलांतल्या थोरल्या, राज्याच्या विधिमंडळात सहा वर्षे काढलेल्या.

आता मतदाराने वजन कशाचे करायचे? धोरणांत फरक होता, पण पक्ष एकच. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या या मतदारसंघात अर्ध्या शतकाचा वारसा आपल्याच माणसाकडे राहावा, असे पुष्कळांना वाटे आणि ते चुकीचे कसे म्हणावे? पण तसे उमेदवार एकाहून अधिक असले की मते फुटतात, हा हिशेब डेट्रॉइटलाही चुकला नाही.

थोड्या मुदतीच्या लढतीत चारच उमेदवार होते. तीत जोन्सबाई सुमारे १,६०० मतांनी जिंकल्या. पूर्ण मुदतीच्या लढतीत सहा होते. यंग त्यांत होते. तेथे तलेबबाईंनी ३१ टक्के मतांवर, सुमारे ९०० मतांनी बाजी मारली. तीच माणसे, तोच दिवस, तीच मतपत्रिका! दुसऱ्या फेरीची तरतूद नसल्याने एकतृतीयांशापेक्षा कमी मतांवर गाडे पुढे गेले.

जोन्सबाईंना खासदारकी लाभली जेमतेम पाच आठवडे. तलेबबाई जानेवारी २०१९ मध्ये सभागृहात गेल्या आणि इल्हान ओमार यांच्याबरोबर अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या मुस्लिम स्त्रिया ठरल्या.

त्याच दिवशी त्याच रकान्यात, गव्हर्नरपदाच्या लढतीत एक मराठी नाव होते : श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे रसायनशास्त्रज्ञ उद्योजक. पदरचे लक्षावधी डॉलर खर्चून ते तिसरे आले. पुढे मतदारसंघांची फेरआखणी झाली, तलेबबाई शेजारच्या १२ व्या मतदारसंघात गेल्या आणि १३ वा मोकळा झाला. २०२२ च्या प्रायमरीत तेथे नऊ जण उभे राहिले. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. आपल्याकडे पेढे वाटावेत अशीच बातमी. डेट्रॉइटमध्ये मात्र अनेकांना चुटपुट लागली. १९५५ पासून या शहराचा निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये असे. जानेवारी २०२३ मध्ये ती परंपरा तुटली. ठाणेदारांच्या विरोधातली मते याही वेळी अनेकांत वाटली गेली होती.

दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले ॲडम हॉलियर २०२४ मध्ये पुन्हा शड्डू ठोकून उभे राहिले. पण सह्यांच्या छाननीतच त्यांचे नाव गळाले.