भांडं, भाडं आणि फाइलचा ठसा

माझ्या एका कवितेत 'अम्मीचं भांडं' असे शब्द होते. संग्रहात छापून आलं, 'अम्मीचं भाडं'. एक अनुस्वार गळाला आणि जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेली अम्मी एकदम घरमालकीण झाली!

छापखानावाले म्हणाले, "तुमच्याच फाइलीत तसं होतं." मी म्हटलं, शक्य नाही. दोन्ही फाइलींचं नाव एकच, आकारही ४८ केबी. पण आमच्या अकलूजकडे उसाच्या दोन गाड्या काट्यावर सारख्या भरल्या, म्हणून ऊस एकाच फडातला ठरत नाही.

मग माझ्या भाच्यानं दोन्ही फाइलींचा 'हॅश' काढला. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. संगणक प्रत्येक अक्षर आकड्यांत साठवतो. ते सगळे आकडे एका ठरलेल्या गणितातून दळून काढले की, फाइल चार ओळींची असो वा चारशे पानांची, ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. तीच फाइल कुठल्याही संगणकावर दळा, ठसा तोच. एक अनुस्वार काढा, जवळजवळ सगळा ठसा बदलतो. आणि पिठाचा पुन्हा दाणा होत नाही, तशी ठशावरून फाइल परत मिळत नाही. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयुटिल' ही आज्ञा असतेच, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

मात्र काय बदललं, कुणी बदललं, हे हॅश सांगत नाही. 'ग़ज़ल'मधला नुक्त्याचा ज़ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅशला दिसतो.

ही गोष्ट कवींच्या भांडणापुरती नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यामागे हेच गणित आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, मोबाइलमधलं चित्रण वगैरे पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रावर हॅश लिहायचा असतो. त्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ अशा चौकटी आहेत. मला विचाराल तर मधलीच धरावी. वेगवेगळ्या फाइलींचा एकच ठसा निघू शकतो, हे एमडी-५ बाबत २००४ साली चिनी संशोधकांनी आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये गूगल व ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

आमचे दोन ठसे निराळेच निघाले. मी विजयी मुद्रेनं भाच्याकडे पाहिलं. त्यानं शांतपणे माझ्याच ईमेलमधून, छापखान्याला पाठवलेली फाइल उतरवून घेतली. तिचा ठसा छापखान्याच्या फाइलीशी चिन्हाला चिन्ह जुळला. अनुस्वार मी घरच्या फाइलीत दिला होता, पण पाठवून झाल्यावर!

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन माफी मागितली. उरलेल्या दीडशे प्रतींवर आता पेनानं एकेक अनुस्वार देत बसलो आहे.