अल्कली-मिश्रणाचे अनुमापन

एकाच विद्रावातील दोन अल्कलींची प्रमाणे ज्ञात संहतीचे अम्ल व दोन निरनिराळी दर्शके (रंगबदलाने विक्रियेचा अंत्यबिंदू दाखविणारे पदार्थ) वापरून वेगवेगळी काढण्याची पद्धत. सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) व सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) यांचे मिश्रण हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

कॉस्टिक सोडा व त्याचे विद्राव हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात आणि हायड्रॉक्साइडाचा काही भाग कार्बोनेटात रूपांतरित होतो. चादरी व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरसारख्या केंद्रात सुती धागा रंगविताना या बदलाला व्यावहारिक महत्त्व येते. व्हॅट रंग क्षपण झालेल्या स्थितीत विरघळलेला राहण्यासाठी पुरेसे हायड्रॉक्साइड आवश्यक असते. कार्बोनेट दुर्बल असल्याने ते हायड्रॉक्साइडाची जागा घेऊ शकत नाही. केवळ एकूण अल्कली मोजल्यास हायड्रॉक्साइड असते त्याहून अधिक भासते आणि रंग धाग्यावर असमान चढण्याचा संभव असतो.

विद्रावात प्रथम फिनॉल्फथॅलीन (रंगबदलाची पीएच मर्यादा ८·३ ते १०) घालून ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक अम्ल सोडतात. गुलाबी रंग नाहीसा होतो तेव्हा सर्व हायड्रॉक्साइडाचे उदासिनीकरण झालेले असते. कार्बोनेटाचे मात्र बायकार्बोनेट झालेले असते, म्हणजे त्याला लागणारे निम्मेच अम्ल खर्च झालेले असते. नंतर त्याच विद्रावात मिथिल ऑरेंज (३·१ ते ४·४) घालून पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत अनुमापन चालू ठेवतात. दुसऱ्या टप्प्यातील घनफळाची दुप्पट कार्बोनेटाची आणि दोन टप्प्यांतील घनफळांचा फरक हायड्रॉक्साइडाचा असतो.

उदा., २५ मिलि. विद्रावास ०·१ प्रसामान्य अम्ल पहिल्या टप्प्यात २२ मिलि. व दुसऱ्यात आणखी ३ मिलि. लागले, तर कार्बोनेटासाठी ६ मिलि. व हायड्रॉक्साइडासाठी १९ मिलि. अम्ल खर्च झाले. यावरून दर लिटरला सोडियम हायड्रॉक्साइड ३·०४ ग्रॅ. व सोडियम कार्बोनेट १·२७ ग्रॅ. येते. सर्व २५ मिलि. अम्ल हायड्रॉक्साइडाचेच धरले असते, तर उत्तर ४ ग्रॅ. आले असते. दोन्ही टप्प्यांतील घनफळे समान असल्यास विद्रावात फक्त कार्बोनेट असते. दुसरे अधिक असल्यास कार्बोनेट व बायकार्बोनेट असतात. हायड्रॉक्साइड व बायकार्बोनेट यांच्या विक्रियेने कार्बोनेट बनत असल्यामुळे ती दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत.

पहिल्या टप्प्यात अम्ल सावकाश सोडून विद्राव सतत ढवळावा लागतो. अन्यथा अम्ल एका जागी साचून कार्बन डाय-ऑक्साइड निसटतो व उत्तर चुकते. शिवाय फिनॉल्फथॅलिनाचा रंग हळूहळू फिका होत असल्याने हा अंत्यबिंदू स्पष्ट नसतो. म्हणून कार्बोनेट अल्प असल्यास विंक्लर पद्धती अधिक विश्वसनीय ठरते. तीत विद्रावाच्या एका भागातील एकूण अल्कली मिथिल ऑरेंज वापरून मोजतात. दुसऱ्या भागात बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटाचा साका पाडतात आणि उरलेले हायड्रॉक्साइड फिनॉल्फथॅलीन वापरून मोजतात. रंगीत विद्रावात दर्शकाचा रंगबदल दिसत नाही. तेथे पीएच मापकाच्या साहाय्याने अंत्यबिंदू ठरवितात.