स्लोवर बंद पडणारी गाडी

ना. म. जोशी मार्गावर, शिंगटे मास्तर चौकाच्या थोडं अलीकडे, एक जुनी टाटा 407 कडेला लागली आहे. मागे मंडपाचे बांबू, सुतळीचे गुंडे आणि वर घट्ट बांधलेली ताडपत्री. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली आहे. ड्रायव्हर चावी फिरवतो. इंजिन पहिल्याच झटक्यात लागतं, रेस दिली की मोकळं ओरडतं. त्याने पाय काढला की आवाज खाली येतो, दोन आचके बसतात, जरा सावरल्यासारखं होतं, पुन्हा खाली जातो आणि अख्खी केबिन थरथरवून इंजिन गप्प होतं. मागे हॉर्न सुरू.

"सकाळपासून हेच चाललंय, काका. सिग्नलला पाय काढला की मेली."

मिस्त्री साठीच्या आसपासचे. हातात अजून पाना नाही. केबिनमधलं इंजिनवरचं झाकण उचलून ते नुसते उभे राहतात आणि विचारतात, "चढाला कशी ओढते?"

"चढाला एक नंबर. आत्ता भरल्या गाडीनं पुलावरून आलो, कुठं दम लागला नाही."

"धूर?"

"चालू करताना जरासा पांढरा. नंतर काही नाही."

"टाकीत किती आहे?"

"पाव असेल."

"आणि फुल असते तेव्हा?"

ड्रायव्हर थांबतो. आठवून सांगतो, "फुल केली की एक-दोन दिवस त्रास देत नाही, काका."

मिस्त्री मान डोलावतात. मला वाटतं, निम्मं काम इथेच झालं आहे. डिझेल फिल्टर चोंदला असता तर गाडीने आधी चढावर मान टाकली असती, कारण ओझं ओढताना इंजिनला डिझेल जास्त लागतं. ड्रायव्हर ज्यावरून आला तो लोअर परळचा पूल 2018 च्या जुलैमध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा बांधून 2023 च्या नोव्हेंबरात पूर्ण खुला झाला. मधली पाच वर्षं सगळ्या परळाने वळसे घातले. तोच पूल आज मिस्त्रींच्या उपयोगी पडला. नोझल खराब असतं तर धूर आणि ठोका आला असता. कॉम्प्रेशन गेलं असतं तर गाडी पहिल्या झटक्यात लागलीच नसती. आणि टाकीतली पातळी खाली गेल्यावर जो आजार डोकं वर काढतो, तो बहुतेक टाकी आणि पंपाच्या मधेच कुठेतरी असतो.

ड्रायव्हरला चिंचपोकळीला पोचायचं आहे. तो म्हणतो, "काका, स्क्रू फिरवून स्लो थोडा वाढवून द्या ना. आजचा दिवस निघेल."

"नाही देणार."

हे नाही ठाम आहे, आणि मला ते फार आवडतं. रस्त्यावरच्या दहा कारागिरांत हा स्क्रू फिरवून पैसे घेणारे पुष्कळ. गाडी तेवढ्यापुरती चालते, डिझेल जास्त पिते, गिअर टाकताना करकरते आणि मूळ दुखणं आत वाढत राहतं. मिस्त्री त्या स्क्रूवरची जुनी रंगाची खूण बोटाने दाखवतात. खूण जागेवर आहे, म्हणजे स्क्रू हललेला नाही. जे हललेलं नाही ते आपण का हलवायचं?

स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन मिनिटाला साधारण 600 ते 700 फेरे घेतं. तेव्हा एका सिलिंडरमध्ये एका वेळी जाणारं डिझेल एका थेंबाहूनही पुष्कळ कमी असतं. त्या एवढ्याशा मापात हवेचा बारीक बुडबुडा शिरला की तो फवारा हुकतो. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. पंपाचा सगळा जोर बुडबुडा चेपण्यातच जातो. रेसवर मात्र डिझेल इतक्या जोराने वाहतं आणि फ्लायव्हीलचा झोक इतका असतो की एखादा फवारा हुकला तरी कळत नाही. म्हणून चूक स्लोवरच पकडायची. गंमत अशी की रुडॉल्फ डिझेलच्या 1897 सालच्या इंजिनात इंधन आत फुंकलं जायचं ते दाबलेल्या हवेनेच. पुढे 1927 मध्ये बॉशचा पंप कारखान्यातून बाहेर पडू लागला, इंधन नुसत्या दाबाने नोझलमधून फवारता येऊ लागलं आणि डिझेलचं इंजिन ट्रकमध्ये मावलं. तेव्हापासून डिझेलच्या पाइपातली हवा ही वैरीण.

आता पाने बाहेर येतात. पोऱ्या फिल्टरखाली पत्र्याचा डबा धरतो. मिस्त्री तळाचा स्क्रू ढिला करतात. डब्यात तळाशी पाण्याची पातळ चकती दिसते, वर पिवळसर डिझेल. पावसाळ्यात हे असतंच, पण एवढ्या पाण्याने गाडी मरत नाही, असं ते पुटपुटतात. पाणी काढतात. मग फिल्टरच्या माथ्यावरचा हवा काढायचा बोल्ट दोन आटे सैल करून फीड पंपाचा हातपंप दाबू लागतात. बोल्टच्या कडेने आधी फेस येतो, साबणासारखा पांढरा. हातपंप चालूच. फेस विरळ होतो, मग अखंड, काचेसारखं डिझेल झिरपू लागतं. तसं झिरपत असतानाच बोल्ट आवळायचा, हात थांबवून नाही. नाहीतर शेवटच्या क्षणी हवा परत आत. पोऱ्या हे डोळे न हलवता बघतो आहे.

गाडी लागते. स्लोवर सुरेख चालते. ड्रायव्हर खिशात हात घालतो.

"थांब."

आम्ही सगळे थांबतो. चहावाला कटिंग देऊन जातो. ग्लास अर्धा होतो तोवर इंजिनचा सूर बदलतो. आचका. दुसरा. बंद.

मिस्त्रींचा चेहरा उतरत नाही, उलट खुलतो. आत अडकलेली हवा काढून गाडी बरी झाली आणि परत बिघडली, म्हणजे हवा अजून कुठून तरी येते आहे. ते फीड पंपाकडे येणारा पाइप सोडतात आणि मधे हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडतात. इंजिन चालू. नळीत डिझेल वाहतं आणि त्याच्यासोबत मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, न थांबता. ही नळी या दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू असेल, पण तिने न दिसणारं दुखणं डोळ्यांसमोर आणून ठेवलं.

मग दुसरी चाचणी. पाच लिटरचा कॅन डिझेल भरून केबिनच्या टपावर ठेवतात, त्यातून नळी थेट फीड पंपाला. टाकी आणि चेसीसवरचा सगळा पाइप बाद. इंजिन लागतं आणि लागलेलंच राहतं. नळीत एकही बुडबुडा नाही. पंप निर्दोष, फीड पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. हजारो रुपयांची कामं टपावरच्या त्या कॅनने रद्द केली.

मी विचारतो, हे कुठे शिकलात? ते समोर, बीडीडी चाळींच्या दिशेने हात करतात. त्यांचे तिथले उस्ताद गिरणीत फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणी सुटली, आणि त्या माणसाने याच रस्त्यावर पाने मांडले. इथल्या बीडीडी चाळी मुळात 32, खोली 160 चौरस फुटांची. आता त्यांच्या जागी मनोरे उठताहेत. याच रस्त्याला, जुन्या डिलाईल रोडला, ज्यांचं नाव दिलं त्या ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांच्या मुलांना शिकवण्याची खटपट केली. उस्तादांचं शिकवणं रस्त्यावरचं, आणि त्यांनी मिस्त्रींना घालून दिलेला नियम साधा होता: आधी ऐक, मग विचार, मग स्वस्त ते तपास, पंपाला शेवटी हात लाव.

आता मिस्त्री रस्त्यावर गोणपाट टाकून गाडीखाली सरकतात. मीही वाकतो. चेसीसच्या कडेने लोखंडी पाइप येतो, तिथून पुढे रबरी पाइपाचा तुकडा, दोन्ही टोकांना क्लिप. कुठेही ओल नाही, डिझेलचा डाग नाही. मला सगळं ठीक दिसतं.

"डाग कसा असेल? इथं पंप ओढतो," ते खालून म्हणतात. "फाटक्या स्ट्रॉनं उसाचा रस पिऊन बघा. रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते."

ते क्लिपपाशी रबर अंगठ्याने हलकेच वाकवतात. क्लिपच्या कडेखाली एक चीर उघडते, नखाच्या कोरीएवढी, आत कोरडी, काळी. बोट काढलं की मिटते. इंजिन स्लोवर थरथरलं की उघडत असणार. टाकी भरलेली असली की डिझेल आपल्या वजनाने पाइप भरलेला ठेवत असणार, म्हणून ते एक-दोन दिवस सुखाचे.

पुढचं काम थोडक्यात उरकतं. नवा डिझेलचा पाइप, पाण्याचा नव्हे. यावर ते पोऱ्याला दोनदा बजावतात. नव्या क्लिपा, कारण जुन्या क्लिपची धार रबर कापते. पुन्हा हवा काढणं. या वेळी हातपंप पोऱ्या मारतो आणि बोल्टही तोच आवळतो, झिरपत असताना. रस्त्यावर सांडलेल्या थोड्याशा डिझेलवर मिस्त्री स्वतः लाकडाचा भुसा टाकतात. ओल्या रस्त्यावर दुचाकीवाले घसरतात, म्हणतात.

इंजिन चालू आहे. हेडलाइट लावून, वायपर सुरू करून, गाडी तशीच स्लोवर सोडली आहे. सूर बदलत नाही. पारदर्शक नळीतून डिझेल असं जातं आहे की ते हलतं आहे हेही कळू नये. खातरी झाल्यावर ती नळी काढून मूळ जोड परत बसतो, आणि हवा पुन्हा एकदा काढली जाते.

ड्रायव्हर पैसे देतो, मिस्त्री त्यातली एक नोट परत करतात. "पाइपाचे आणि मजुरीचे घेतले. टाकीच्या तोंडाशी असाच एक तुकडा आहे, तोही तितकाच जुना. आज माझ्याकडं तेवढा पाइप नाही. गणपती झाले की ये. तोवर टाकी अर्ध्याच्या खाली नेऊ नको."

"येतो, काका."

"आणि कुणी स्लो वाढवून देतो म्हणाला तर हात लावू देऊ नको."