मोजलेलें दुःख आणि आईचें अंगण

सातपुड्यांत अक्कलकुव्याहून वर चढत गेलें कीं मोलगी लागते. भोवतालचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले. बोली भिल्लांची व पावरांची. पावसाळा सरला कीं कित्येक कुटुंबें मुलांबाळांसह मजुरीसाठीं गुजराथेंत उतरतात. तेथें एखादें तान्हें दगावलें, तर त्याची नोंद कोणत्या वहींत व्हावी? गांवीं तें नसतें. परमुलखांत त्याला कोणी ओळखत नाहीं.

जें मोजलें जात नाहीं, तें दुःख समाजाला दिसत नाहीं. परंतु नुसत्या मोजणीनेंही भागत नाहीं. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें घरोघर जन्ममृत्यू नोंदले, आणि ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. तिसऱ्या वर्षीं नवजात-मृत्यूंचें प्रमाण, तुलनेच्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं उतरलें. हा वृत्तान्त १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आला. विद्वानांपुरतेंच न थांबतां २००१ सालीं 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल महाराष्ट्रापुढें ठेवला गेला. चर्चा उसळली; शासनानें समिती नेमली. २०११ पासून हीच रीत 'आशा' सेविकांकरवीं देशभर स्वीकारण्यांत आली.

तथापि शेवटची वाट अंगणाकडे जाते. ज्या आईनें आपलें दुःख सांगितलें, तिच्या नांवाची वाच्यता न होतां निष्कर्ष तिच्याच बोलींत तिला परत मिळाला पाहिजे. वजनाचा कांटा काय सांगतो हें उमगलें, तर परमुलखीं निघण्यापूर्वीं ती मूल दाखवून घेईल. दोष तिच्याच माथीं मारणारा अहवाल मात्र पुढच्या खेपेस तिचें दार बंद करील.