अनोळखी घोडा, नवखा स्वार : रपेटीला जाण्यापूर्वी

परीक्षा संपून शाळांना सुटी लागली की आपल्या भागातील अनेक कुटुंबे माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी अशा थंड हवेच्या ठिकाणी जातात. तेथे पोहोचल्यावर मुलांचा पहिला हट्ट असतो तो घोड्यावर बसण्याचा. माथेरानात तर मोटारी दस्तुरीलाच थांबतात, त्यामुळे हौस नसलेली माणसेही तेथे घोड्यावर चढतात. पाचगणीचे टेबललँड किंवा महाबळेश्वरचा वेण्णा तलाव येथे घोड्यावरून फेरी मारल्याशिवाय सहल पुरी झाली असे मुलांना वाटत नाही. आपल्या सदराच्या वाचक असलेल्या एका शिक्षिकेने पत्र पाठवून विचारले आहे, ‘‘सहलीत मुलांना घोड्यावर बसू द्यावे की नाही? परवानगी दिली तर जबाबदारी वाटते, नाही दिली तर मुले हिरमुसतात.’’

माझे उत्तर, जरूर बसू द्यावे. घोडेस्वारी हा उत्तम व्यायाम आहे. पाठ, पोट व मांड्यांचे स्नायू त्यात काम करतात, तोल सुधारतो आणि मुलांचा आत्मविश्वास वाढतो. मात्र घोडा अनोळखी, जागा अनोळखी आणि स्वार नवखा असतो, याचे भान ठेवले पाहिजे. प्रौढ माणूस घोड्यावर बसला की त्याचे डोके जमिनीपासून सुमारे सात फुटांवर असते. खालचा प्राणी तीनशे-चारशे किलो वजनाचा असून त्याला स्वतःची इच्छा असते. म्हणून थोडी माहिती आधीच करून घ्यावी.

घोड्याचा स्वभाव

घोडा मुळात भित्रा प्राणी आहे. रानात त्याचा बचाव पळण्यातच होता. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पण नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. त्यामुळे मागून कोणी गेले की तो बिचकतो व दुगाण्या झाडतो. घोड्याच्या मागे कधीही उभे राहू नये आणि मुलांना शेपटीला हात लावू देऊ नये. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, हळू आवाजात बोलत जावे आणि प्रथम मानेवर हात ठेवावा.

घोड्याचे कान पाहण्याची सवय लावावी. कान पुढे असतील तर तो लक्ष देऊन आहे. कान मागे चिकटवले असतील तर तो रागावला आहे. अशा वेळी जवळ जाऊ नये. खाऊ द्यायचा असेल तर घोडेवाल्याला विचारावे आणि तळहात सपाट ठेवून द्यावा. बोटांत धरून दिल्यास खाऊबरोबर बोटही दातांत सापडते.

बसण्यापूर्वी काय पाहाल?

पहिला दिसला तो घोडा ठरवून मोकळे होऊ नका. पाच मिनिटे उभे राहून पाहा. घोडा लंगडतो आहे का, पाठीवर किंवा तंगाखाली जखमा आहेत का, नाकातून घट्ट स्राव वाहतो आहे का? जखमेवर खोगीर चढवलेला घोडा वेदनेने उसळतो. नाकातून स्राव व अंगावर व्रण असलेल्या घोड्यास ‘ग्लँडर्स’ हा रोग असू शकतो व तो माणसालाही होतो. अशा घोड्यापासून दूरच राहावे.

घोडेवाल्याला संकोच न करता विचारावे : परवाना आहे ना? हा घोडा लहान मुलांच्या सवयीचा आहे का? तुम्ही स्वतः लगाम धरून चालणार ना? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एकाच माणसाने दोन-तीन घोडे सांभाळणे किंवा घोडा पुढे हाकलून मागून येणे नवख्या स्वारासाठी धोक्याचे आहे. ‘‘आम्हाला येत नाही, फक्त चालवा, पळवू नका,’’ असे आधीच स्पष्ट सांगावे. यात कमीपणा मुळीच नाही. बहुतेक घोडेवाले समजूतदार असतात. त्यांचे पोट त्याच घोड्यावर असते आणि अपघात त्यांनाही नको असतो.

मग सामान पाहावे. खोगिराचा तंग आणि घोड्याचे पोट यांमध्ये दोन बोटे जातील इतपत तो घट्ट हवा. तंग बांधताना काही घोडे पोट फुगवतात व चालू लागल्यावर तो सैल पडतो. म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा तपासायला सांगावे. रिकिबीचे पट्टे झिजलेले किंवा दोरीने जोडलेले असतील तर दुसरा घोडा घ्यावा.

पेहराव

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोक्याचे संरक्षण. काही ठिकाणी घोडेस्वारीचे शिरस्त्राण मिळते. ते मागावे व हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावावा. नसेल तर मुलांसाठी सायकलचे हलके हेल्मेट घरून न्यावे. काहीच नसण्यापेक्षा ते बरे. मोटारसायकलचे जड हेल्मेट मात्र मानेवर भार टाकते व बाजूचे दिसू देत नाही. कापडी टोपीचा उपयोग उन्हापुरताच.

पायांत थोडी टाच असलेले बंद बूट असावेत. चपला किंवा सँडल नकोत. गुळगुळीत तळ असेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि स्वार पडला तरी पाय अडकून राहतो. त्यातून फरफटत जाण्याचा प्रसंग येतो. लांब पँट घालावी, म्हणजे मांड्या सोलवटत नाहीत. ओढणी, पदर व गळ्यातील कॅमेऱ्याचा पट्टा यांची काळजी घ्यावी. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसणे टाळावे.

मांड कशी असावी?

घोड्याच्या डाव्या बाजूने चढण्याची रीत आहे आणि घोड्यालाही तीच सवय असते. चढताना घोडेवाल्याने लगाम धरलेला असावा. बसल्यावर पाय मोकळे सोडले असता रिकिबीचे लोखंड घोट्याच्या हाडाशी येते, ती योग्य लांबी. लहान मुलांचे पाय रिकिबीपर्यंत पोहोचले नाहीत तर काही जण ते वरच्या पट्ट्यांत अडकवतात. तसे करू देऊ नये. पडल्यास तो पाय सुटत नाही.

रिकिबीत फक्त चवडा ठेवावा, टाच खाली दाबावी, पाठ ताठ पण सैल असावी आणि नजर समोर ठेवावी. चढावर किंचित पुढे, उतारावर किंचित मागे झुकावे. लगाम हाताला गुंडाळू नये. एका घोड्यावर एकच स्वार बसावा; लहान मुलाला मांडीवर घेऊन बसल्यास पडताना दोघांपैकी कोणालाच सावरता येत नाही. मुलाला खोगिराला बांधणे त्याहून वाईट. आणि मोबाइलवर फोटो काढायचा तर तो खाली उभ्या असलेल्याने काढावा.

घोडा अचानक पळू लागला तर किंचाळू नये व उडी मारू नये. टाचांनी पोट आवळू नये; घोड्याला ती ‘आणखी पळ’ अशी खूण वाटते. मागे रेलून घट्ट बसावे, एका हाताने खोगिराचा पुढचा भाग किंवा आयाळ धरावी आणि घोडेवाला येईपर्यंत तोल सांभाळावा.

भीती वाटते, त्याचे काय?

भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण स्वाराची भीती घोड्यापर्यंत पोहोचते, हे जुन्या स्वारांचे म्हणणे खरे ठरले आहे. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडा चालवणाऱ्यांना आणि स्वारांना एका फेरीपूर्वी सांगितले, की या वेळी घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही; पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले.

म्हणून चढण्यापूर्वी दोन मिनिटे घोड्याशेजारी उभे राहावे, त्याच्या मानेवरून हात फिरवावा आणि सावकाश दीर्घ श्वास घ्यावा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त असावा, म्हणजे छातीतील धडधड कमी होते. पहिली फेरी सपाट जागेवर दहा मिनिटांचीच घ्यावी. जे मूल रडत नकार देते, त्याला ‘‘भित्रा कुठला!’’ म्हणून जबरदस्तीने चढवू नये.

कोणी बसू नये?

गर्भवती स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, मणक्याची चकती सरकलेले, हाडे ठिसूळ झालेले, फिट्स किंवा चक्कर येणारे, तसेच रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणारे यांनी हा मोह टाळावा. दमेकऱ्यांना घोड्याच्या कोंड्याची ॲलर्जी असू शकते. त्यांनी पंप खिशात ठेवावा.

वरातीतील घोडीबाबतही एक सूचना. फटाके, बँड व गर्दी यांत शांत घोडीही बिथरते. नवरदेवापुढे पाच वर्षांचा भाचा बसवायचा असेल, तर घोडीजवळ फटाके नकोत हे आधीच ठरवून घ्यावे.

पडल्यास काय कराल?

पडताना आपण हात पुढे टेकतो, त्यामुळे मनगट व गळ्याजवळचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त असते. ही दुखणी बरी होतात. जिवावर बेतते ती डोक्याची व मानेची इजा. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे अमेरिकन अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह हे सरावाचे स्वार होते. मे १९९५ मध्ये एका स्पर्धेत घोडा अडथळ्यापाशी अडला, ते डोक्यावर पडले आणि डोक्यावर शिरस्त्राण असूनही मानेचे मणके मोडून त्यांचे शरीर कायमचे लुळे झाले. म्हणून पडलेल्या माणसाला ओढून उठवू नये. मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात किंवा हालचाल होत नाही असे तो म्हणाला, तर डोके व मान आहे तशी स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डोक्याच्या इजेबाबत माझ्याकडे आलेला एक रुग्ण सांगतो. बारा वर्षांचा मुलगा एका गिरिस्थानी घोड्यावरून पडला. क्षणभर सुन्न झाला, मग उठून हसू लागला. कपाळाला टेंगूळ होते, एवढेच. जेवून मंडळी घाट उतरून परत निघाली. वाटेत त्याला दोनदा उलटी झाली. सर्वांना वाटले, घाट लागला असेल. घरी येताच तो झोपू लागला. आजीने मात्र हट्ट धरला, ‘‘हा कधी गाडी लागणारा पोर नव्हे, डॉक्टरांकडे न्या.’’ माझ्याकडे आणला तेव्हा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसत होती. त्याला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. कवटीखाली रक्त साचले होते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली व मुलगा वाचला.

अशा इजेत कवटीच्या आतील रक्तवाहिनी फाटते आणि रक्त हळूहळू साचत जाते. मधले काही तास रुग्ण अगदी ठीक दिसतो. हा काळ फसवा असतो. म्हणून डोक्याला मार बसल्यावर किमान २४ तास लक्ष ठेवावे. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे :

१. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी
२. गुंगी, असंबद्ध बोलणे, न ओळखणे
३. नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव
४. झटके, एखादा हात-पाय लुळा पडणे
५. डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होणे

थोडा वेळ बेशुद्ध पडून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही, तो बरा दिसत असला तरी, डॉक्टरांना दाखवावेच.

खरचटणे व चावा

घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. साधे खरचटलेलेही साबण व वाहत्या पाण्याने धुवावे. हळद, चुना, माती लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे. घोडा चावल्यास जखम १५ मिनिटे साबणाने धुऊन लगेच दवाखान्यात जावे. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या घोड्यालाही रेबीज होतो, म्हणून ‘घोडाच तर चावला’ असे म्हणून सोडून देऊ नये.

आमच्या शिक्षिका वाचकांना शेवटी एवढेच सांगतो : एका वेळी जितक्या घोड्यांबरोबर माणूस चालेल तितकीच मुले बसवा, प्रत्येकाचे बूट व डोके तपासा आणि सोबत प्रथमोपचाराची पेटी ठेवा. संध्याकाळी एकदा विचारा, ‘‘आज कोण पडले होते?’’ मुले ओरडा बसेल म्हणून पडल्याचे लपवतात. रागावणार नाही असे आधी सांगितले, तर ती खरे सांगतील.

(पुढील आठवड्यात : घाटातील प्रवासात गाडी लागणे व त्यावरील उपाय)