टाकाऊ लाकडापासून रोपवाटिकेचे मेज

पपई, शेवगा इत्यादींच्या रोपांसाठी पिशव्या भरण्याचे काम बहुधा जमिनीवर उकिडवे बसून केले जाते. त्यामुळे कंबर अवघडते. शिवाय चाळलेल्या स्वच्छ मिश्रणात खालची माती मिसळून तिच्यातील बुरशी पिशव्यांत शिरते, आणि पपईची कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. उभ्याने काम करण्याजोगे मेज असल्यास हे दोन्ही तोटे पुष्कळ अंशी टळतात.

याकरिता जुन्या दाराच्या वा फळांच्या पेट्यांच्या फळ्या आणि मोडक्या छपराचे वासे पुरेसे होतात. वाकलेले खिळे सरळ ठोकून घ्यावेत. मेज १२० सें.मी. लांब व ६० सें.मी. रुंद करावे. उंची काम करणाऱ्याच्या कोपराखाली १० ते १५ सें.मी. असावी. हे काम स्त्रिया करीत असल्यास माप त्यांचेच घ्यावे. पायांना आडव्या व मागील बाजूस तिरपी पट्टी ठोकावी, म्हणजे मातीच्या भाराने मेज डुलत नाही. माती सांडू नये म्हणून मागे व दोन्ही बाजूंस १५ सें.मी. उंचीची फळी लावावी. पाय विटांवर टेकवावेत, म्हणजे ओल चढत नाही व वाळवी वेळीच दिसते.

कीटकनाशकांच्या खोक्यांचे लाकूड अथवा डब्यांचे पत्रे मात्र कदापि वापरू नयेत. काम संपताच मेज धुऊन उन्हात वाळवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे एक मेज शेतकऱ्यांसमक्ष तयार करून दाखवावे.