जैसलमेरहून तनोट-लोंगेवाला : स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी

जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनालयांचे दर्शन झाले, की बहुतेक यात्रेकरू सम येथील वाळूच्या टेकड्या पाहून परततात. अलीकडे मात्र स्वतःची गाडी घेऊन आलेली कुटुंबे आणखी एक दिवस राखून सीमेलगतच्या तनोटपर्यंत जाऊ लागली आहेत. रस्ता चांगला आहे; परंतु दर दहा मैलांवर चहा, पंप आणि पंक्चरवाला भेटण्याची आपली सवय तेथे कामास येत नाही.

जैसलमेरहून वायव्येस साठ-पासष्ट किलोमीटरवर रामगढ लागते. टाकी येथेच पूर्ण भरावी. पुढे इंधनाचा भरवसा धरू नये. हवा, जादा चाक आणि पिण्याचे पाणी यांचीही तपासणी येथेच उरकावी. रामगढहून तनोट सुमारे साठ किलोमीटर. तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. १९६५च्या युद्धात आवारात पडलेले परंतु न फुटलेले तोफगोळे तेथे जपून ठेवले आहेत.

परतताना त्याच वाटेने येऊ नये. तनोटहून नैर्ऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर लोंगेवाला आहे. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी रणगाड्यांच्या चढाईस पहाटेपर्यंत थोपवून धरले. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली. निकामी झालेले रणगाडे आजही तेथे पाहावयास मिळतात. लोंगेवालाहून रामगढ पंचेचाळीस किलोमीटर. अशी ही फेरी एकूण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरची होते.

खरा हिशेब वेळेचा आहे. डिसेंबरात तेथे सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. साडेसातला निघालेली गाडी रमतगमतही चारपर्यंत जैसलमेरला पोहोचते, आणि चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांचे भोजन वेळेत होते. दहाला निघणाऱ्यांची मात्र ओढाताण ठरलेली. शिवाय संधिप्रकाशात गायी व उंट रस्त्यावर येतात. डबा बरोबर असावाच.

वाऱ्याने रस्त्यावर वाळू सरकते. ती दिसताच वेग आधीच कमी करावा. वाळूवर चाक असताना जोराने ब्रेक दाबू नये. गाडी रुतलीच, तर पुन्हा पुन्हा गती देऊ नये, चाक अधिकच खोल जाते. सर्वांनी उतरून चाकापुढची वाळू हातांनी दूर करावी. मोबाइलचे जाळे अनेकदा लुप्त होते. म्हणून मार्ग कागदावर लिहून घ्यावा आणि परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जावे.

एका गोष्टीत मात्र अनेकांची फसगत होते. सर्वांजवळ मूळ ओळखपत्र हवे, हे ठाऊक असते. परंतु परदेशी पारपत्र असलेले जावई, सून अथवा नातवंडे बरोबर असतात, याचा विसर पडतो. हा सीमाभाग त्यांच्यासाठी निर्बंधित आहे. ओसीआय कार्ड पुरेसे नाही. पूर्वपरवानगीची चौकशी जैसलमेरच्या जिल्हा प्रशासनाकडे प्रवासापूर्वीच करावी, अन्यथा एका व्यक्तीसाठी सर्वांनाच मागे फिरावे लागते. तनोटच्या पुढे, प्रत्यक्ष सीमेकडे जाण्यास भारतीयांनाही अनुमतीपत्र लागते. जवानांशी या बाबतीत घासाघीस करू नये. ती आपली पेढी नव्हे.

लोद्रवा याच दिवसात कोंबू नये. ते जैसलमेरपासून केवळ सोळा किलोमीटरवर असून वाटेत अमरसागर येते. पार्श्वनाथ मंदिराची कोरीव जाळी सकाळच्या उन्हात निवांत पाहावी, असे ते स्थान आहे.